भावाचं माकड मी माझ्या घरी आणू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख काढून: धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका माणसाकडून मार्मोसेट माकडाचं पिल्लू घेतलं. तेव्हा ते तळहातात मावत होतं. विकणाऱ्याने सांगितलं की हे परदेशी आहे, पिंजऱ्यातच जन्मलंय, आपला कायदा याला लागत नाही. कागद काहीच नाहीत. आता भाऊ नोकरीसाठी परदेशात चाललाय आणि "ताई, तू ठेव" म्हणतोय. ताईंचा आठ वर्षांचा मुलगा त्या माकडावर जीव टाकतो, मामाकडे राहिला की त्याला पापी दिल्याशिवाय झोपत नाही, अगदी तापानंतर ओठावर फोड आलेले असले तरी. पण गेले काही महिने माकड चावायला लागलंय, एकदा मुलालाही चावलं, घरीच मलम लावून भागवलं. भावाचं म्हणणं, जोडीदार आणला की शांत होईल. ताई लिहितात, "नोंदणी लागते असं वाचलं आणि झोपच उडाली. कळवलं तर भाऊ अडकेल, माकडाला मारून टाकतील. नाही कळवलं तर मी अडकेन. आणि खरं सांगू का, मला हा कायदाच पटत नाही. कुत्रा चालतो, मांजर चालते, मग आम्ही एवढ्या प्रेमाने सांभाळलेलं माकड का चालत नाही?"

ताई,

आधी घाईचं सांगते, बाकीचं नंतर बोलू. मुलाला चावलेली जखम बरी झाली असली तरी डॉक्टरांना दाखवा आणि माकड चावलंय हे स्पष्ट सांगा, धनुर्वात आणि रेबीजच्या इंजेक्शनचं काय करायचं ते त्यांना ठरवू दे. पुढे कुणालाही चावलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि मग दवाखाना, मलमावर भागवायचं नाही.

दुसरं घाईचं म्हणजे त्या पाप्या आजपासून बंद. तुम्ही ते सहज लिहून गेलात पण मला पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच वाटली. ओठावर तसे फोड बहुतेक वेळा हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या व्हायरसमुळे येतात, आपल्याला आठवडाभर त्रास होतो आणि विषय संपतो, पण तोच व्हायरस मार्मोसेटला लागला तर मेंदूपर्यंत जातो आणि ते बहुतेकदा काही दिवसांत मरतं. म्हणजे तुमचा मुलगा ज्याच्यावर एवढा जीव लावतोय त्याला त्याच्याच पापीमुळे मरण येऊ शकतं, आणि हे त्या लेकराला कुणी सांगितलेलंच नाही. उलट बाजूनेही असंच असतं. मकाक गटातल्या माकडांमध्ये, आपल्याकडची लाल तोंडाची माकडंही त्याच गटातली, हर्पिस बी नावाचा व्हायरस असतो, त्या माकडांना त्याचं फारसं काही होत नाही, माणसाला तो क्वचितच लागतो पण लागला आणि उपचार झाले नाहीत तर दहातली सात-आठ माणसं दगावतात. आपण आणि माकडं शरीराने इतके जवळ आहोत की आजार दोन्हीकडून सहज जातात, माकडं घरात ठेवण्यावर इतक्या देशांत बंधनं आहेत त्याचं हे एक मोठं कारण आहे. १९६७ साली युगांडातून प्रयोगशाळांसाठी आणलेल्या माकडांमधूनच मारबुर्ग नावाचा जीवघेणा व्हायरस युरोपात माणसांमध्ये आला होता.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कुत्रा चालतो मग माकड का नाही. प्रश्न अगदी रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाहीये.

कुत्रा माणसासोबत राहतोय त्याला किमान पंधरा हजार वर्षं झालीत. एवढ्या पिढ्यांमध्ये जी कुत्री माणसाजवळ शांत राहिली त्यांचीच पिल्लं पुढे वाढली, त्यामुळे आज कुत्र्याच्या पिल्लाला माणूस आपला वाटतो तो जन्मतःच. माकडांच्या बाबतीत असं कधीच झालेलं नाही. पिंजऱ्यात जन्मणं वेगळं आणि माणसाळलेली जात असणं वेगळं, विकणारे लोक नेमकं इथेच गोलमाल करतात. तुमच्या भावाचं मार्मोसेट पिंजऱ्यात जन्मलं असेलही, पण त्याच्या अंगातल्या सगळ्या गरजा ब्राझीलच्या जंगलातल्या मार्मोसेटच्याच आहेत.

त्या गरजा काय, तर सगळ्यात पहिली म्हणजे कुटुंब. मार्मोसेट एकेकटं राहणारा प्राणी नाहीच, आई, बाप, मोठी भावंडं, लहान पिल्लं असा कुटुंबकबिला असतो, आईला बहुतेक वेळा जुळी होतात आणि ती पाठीवर वाहायचं काम बाप आणि मोठी भावंडं करतात. पिल्लू त्यातूनच शिकतं की कधी दबायचं, कधी ओरडायचं, किती जोरात चावलं तर खेळ आणि किती जोरात चावलं तर भांडण. तुमच्या भावाने घेतलं तेव्हा ते तळहातात मावत होतं म्हणता, म्हणजे हे सगळं शिकायच्या आधीच त्याला आईपासून तोडलेलं होतं. विकणारे सांगतात लहानपणी घेतलं की लळा लागतो. लागतो खरा, कारण त्या पिल्लाला चिकटायला दुसरं कुणीच नसतं. मग दीडेक वर्षाचं झालं की ते वयात येतं, तेव्हा त्याला आपल्या हद्दीवर वास सोडायचा असतो, आपली जागा राखायची असते, जोडीदार हवा असतो, आणि समोर असतो सोफा, टीव्ही आणि एक आठ वर्षांचा मुलगा. तेव्हा ते चावायला लागतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय, त्यामुळे ते बिघडलं असं समजू नका, त्याला मारू-ओरडूही नका, ते मोठं झालंय एवढंच.

तुम्ही लिहिलंय की पिंजरा मोठ्या खिडकीपाशी आहे, भरपूर ऊन येतं. ताई, खिडकीला काच असेल तर त्या उन्हाचा त्याला फारसा उपयोग नाही, कारण ड जीवनसत्त्व तयार व्हायला जे किरण लागतात ते काच जवळजवळ सगळे अडवते. दक्षिण अमेरिकेतल्या या माकडांना ते जीवनसत्त्व जास्तच लागतं, नाही मिळालं की हाडं मऊ होतात, वाकतात, मोडतात. शिवाय जंगलात ती दाताने झाडाची साल खरवडून डिंक खातात, त्यांचे दात आणि पोट त्यासाठीच घडलेलं आहे. हे सगळं घरात जमवायचं म्हणजे प्रेमासोबत जागा, खास दिवे, माकडांची माहिती असलेला व्हेट आणि मुख्य म्हणजे त्याच्या जातीची चार माकडं हवीत. व्हेटसुद्धा सहज मिळत नाही, बहुतेकांचं काम कुत्र्या-मांजरांचं असतं.

तुम्ही प्रेमात कमी पडलात असं कायदा म्हणत नाहीये, मीही म्हणत नाही. कायदा एवढंच बघतो की जे त्या जिवाला हवंय ते कुठल्याही घरातलं कितीही प्रेमळ माणूस देऊ शकत नाही. म्हणून तो एकेका मालकाचं मन तपासत बसत नाही, सरसकट बंधन घालतो.

सरसकट का, याचंही उत्तर आहे. अमेरिकेत ट्रॅव्हिस नावाचा एक चिंपांझी होता, पिल्लू असल्यापासून घरात पोराबाळासारखा वाढवलेला, जाहिरातींमध्ये काम केलेला, अख्ख्या गावाला माहीत असलेला. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याने मालकिणीच्या मैत्रिणीवर हल्ला केला, तिचा चेहरा आणि हात गेले, ट्रॅव्हिसला पोलिसांनी गोळी घातली. मार्मोसेट एवढंसं असतं, ते असं काही करू शकत नाही हे मला माहितीये, मी तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाहीये. पण त्या मालकिणीचंही ट्रॅव्हिसवर तुमच्याइतकंच प्रेम होतं, आणि ते आदल्या दिवसापर्यंत पुरेसं वाटत होतं.

आता कायद्याचं. विकणाऱ्याने जे सांगितलं त्यात अर्धं खरं होतं, पण जुनं. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याचा भर इथल्याच प्राण्यांवर होता आणि परदेशी प्राणी खरंच त्या जाळ्यातून निसटायचे. २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्यांच्याकडे असे परदेशी प्राणी आहेत त्यांनी स्वतःहून जाहीर करावं अशी योजना आणली. मग २०२२ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सीआयटीईएस या आंतरराष्ट्रीय करारात जे प्राणी आहेत त्यांच्यासाठी आपल्या कायद्यात अनुसूची चार, म्हणजे एक वेगळी यादी, तयार झाली. या करारात माणूस सोडून सगळीच प्रायमेट येतात, म्हणजे माकडं, वानरं, लेमूर, लोरिस, गिबन, सगळी, कुठलीही जात सुटलेली नाही. मार्मोसेटही त्यात आहे. त्यापुढे २०२४ च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम आले, ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून आहेत त्यांनी सहा महिन्यांत आणि नंतर ज्यांच्याकडे येतील त्यांनी तीस दिवसांत परिवेश या सरकारी पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तर तेही कळवायचं. म्हणजे भावाने पिंजरा उचलून तुमच्या हॉलमध्ये आणून ठेवला की ते घरातल्या घरातलं राहत नाही, ते हस्तांतरण होतं, आणि मग नोंद नसलेला प्राणी तुमच्या ताब्यात आहे असं होतं. या कायद्याच्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे, ते माकड तुमच्या घरी आणू नका. आणि हे सगळं भावाने जायच्या आधी मिटवायचं, तो गेल्यावर नाही, कारण प्राणी त्याने घेतलाय, माहिती त्याच्याकडे आहे, सही त्याची लागणार. तो विमानात बसला की सगळं तुमच्या गळ्यात पडेल आणि मग भावा-बहिणीत जे होतं ते कागदाने सुटत नाही.

त्याने काय करायचं तर आधी वन्यजीव कायद्याचं काम केलेल्या वकिलाला भेटायचं, ओळखीतला कुठलाही वकील नाही. मुदत उलटून गेलीये, त्यामुळे पोर्टलवर नुसता फॉर्म भरून मोकळं होण्यासारखी ही केस नाही, वकिलामार्फत लेखी अर्ज करून, घडलं ते घडलं तसं सांगून, प्राणी योग्य जागी द्यायची तयारी दाखवायची. पिल्लू कधी घेतलं, कुणाकडून, पैसे कसे दिले, ते मेसेज, जुने फोटो, व्हेटची बिलं, सगळं एकत्र करून ठेवायचं, काही डिलीट करायचं नाही. तारीख बदलून "मागच्याच महिन्यात घेतलं" असं दाखवायचा सल्ला कुणीतरी नक्की देईल, विकणाराही "पेपर्स बनवून देतो" म्हणेल, ते करू नका, आत्ता चूक एक आहे ती दोन होतील आणि दुसरी खोटेपणाची असेल. स्वतःहून पुढे आलेल्या माणसाची बाजू वकिलाला मांडता येते, धाडीत सापडलेल्याची मांडणं फार कठीण जातं.

माकडाला मारून टाकतील ही तुमची भीती मला समजते, पण असे प्राणी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेच्या प्राणिसंग्रहालयात किंवा रेस्क्यू सेंटरमध्ये पाठवले जातात. अर्जात तुम्ही स्पष्ट मागणी करू शकता की जिथे इतर मार्मोसेट आहेत अशाच जागी याला द्यावं. माणसात वाढलेल्या माकडाला आपल्या जातीत रुळायला वेळ लागतो. २०१३ मध्ये गायक जस्टिन बीबर एक छोटं कापुचिन माकड घेऊन जर्मनीत उतरला, कागद नव्हते, म्युनिकच्या विमानतळावर कस्टम्सने ते ठेवून घेतलं, नंतर त्याला तिथल्या एका सफारी पार्कमध्ये इतर कापुचिनांमध्ये नेलं. तेही फार लवकर आईपासून तोडलेलं होतं. रुळायला अवघड जातं, पण खोलीत एकटं राहण्यापेक्षा ते बरं असतं, आणि तुमचं दोन वर्षांचं आहे, नीट सांभाळलं तर मार्मोसेट दहा-बारा वर्षं जगू शकतं, म्हणजे त्याचं बहुतेक आयुष्य अजून पुढेच आहे.

प्राणिप्रेमी म्हणवणाऱ्या कुणाच्या फार्महाऊसवर मात्र परस्पर देऊ नका. जिथे माकडासोबत सेल्फी काढू देतात, हातात घेऊ देतात, पिल्लं काढतात किंवा विकतात, ती जागा रेस्क्यूची नाही, नाव काहीही असो.

जोडीदार आणायची कल्पना तर आजच सोडून द्या. दोन अनोळखी मोठी मार्मोसेट एका पिंजऱ्यात टाकली तर ती जीवघेणी भांडू शकतात, आणि पटलंच तर जुळी, परत जुळी, प्रत्येक पिल्लाची कायद्याने माहिती द्यायची आणि प्रत्येक पिल्लाचा परत हाच प्रश्न. शिवाय दुसरं माकड येणार त्याच विकणाऱ्याकडून. परदेशातून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांमध्ये कोंबलेले गिबन आणि मार्मोसेट आपल्या विमानतळांवर सापडतात त्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील, त्यातली काही वाटेतच गुदमरून मरतात. आपण पैसे दिले की पुढची बॅग भरली जाते.

आणि कितीही वैताग आला तरी बाहेर झाडीत सोडू नका. ते तिथे मरेल, नाही मेलं तर अजून वाईट. ब्राझीलमध्येच लोकांनी पाळलेली मार्मोसेट देशाच्या ज्या भागात ती मुळात नव्हती तिथे सोडून दिली, त्यांचा तिथल्या दुर्मिळ जातीच्या मार्मोसेटशी संकर झाला आणि आता ती मूळ जातच संकटात आहे.

भाऊ कदाचित म्हणेल, मग मी ते माझ्यासोबतच नेतो. तेही विसरायला सांगा. अमेरिकेत १९७५ पासून पाळायला म्हणून कुठलंही माकड आणायला बंदी आहे. इंग्लंडने २०२४ मध्ये खास प्रायमेटसाठी परवान्याचे नियम केले, ते ६ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात खाजगी माणसाला माकड ठेवायचं तर प्राणिसंग्रहालयाच्या तोडीची व्यवस्था दाखवावी लागते. नेदरलँड्सने वेगळाच रस्ता घेतला, काय पाळायचं नाही याची यादी करण्याऐवजी काय पाळता येईल याची केली, १ जुलै २०२४ पासून त्या यादीत सस्तन प्राण्यांच्या तीसच जाती आहेत आणि त्यात माकड एकही नाही. मला हा रस्ता सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण बंदीच्या यादीत नाव नाही म्हणून नवीन कुठला तरी प्राणी आणून विकायची पळवाटच राहत नाही.

भावाशी बोलताना "तू गुन्हा केलास" इथून सुरू करू नका, तो तिथेच बंद होईल. "अरे, तू जायच्या आधी आपण दोघं मिळून याचं नीट लावून देऊ, मी वकिलाकडे तुझ्यासोबत येते" असं म्हणा. त्यानेही दोन वर्षं त्याला जपलंय, त्याला फसवून विकलंय, आणि मनातून त्यालाही कळलेलं असणार की हे आता आवाक्याबाहेर चाललंय.

मुलाला खोटं सांगू नका, "गावाला पाठवलं" वगैरे. आठ वर्षांच्या मुलाला कळतं. त्याला सांगा की त्याच्यासारखी दुसरी माकडं जिथे आहेत तिथे त्याला राहायचंय, आणि तुझ्या ओठावरच्या फोडांनी तो आजारी पडू शकतो. हे दुसरं सांगताना त्याची चूक नव्हती हेही तेवढ्याच वेळा सांगा. रडेल, रडू दे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी, कारण अशी पत्रं मला अजूनही येतात. हनुमान लंगूर, लोरिस, सिंहपुच्छ माकड, हुलॉक गिबन ही आपली माणसाळू न शकणारी वन्य जनावरं आहेत, त्यांना पकडणं किंवा घरात ठेवणं हा सरळ गुन्हा आहे, मग आई गाडीखाली गेलेलं अनाथ पिल्लू का असेना. असं पिल्लू सापडलं तर मऊ कापडात, खोक्यात, शांत आणि उबदार जागी ठेवा, दूध पाजायचा प्रयत्न करू नका, लगेच वन विभागाला फोन करा. कळप जवळपास असेल तर तो परत न्यायला येतोही, म्हणून लांबून बघत राहा. आणि माकडाला कपडे घालून नाचवणं, खेळ करणं हेही १९९८ पासून बंद आहे, कुणी करताना दिसलं तर पैसे न देता कळवा.

दुसरी गोष्ट रीलची. स्लो लोरिस या छोट्या प्रायमेटला गुदगुल्या करताना तो दोन्ही हात वर करतो असे व्हिडिओ लोक हसून फॉरवर्ड करतात. तो हात वर करतो कारण घाबरलेला असतो, दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराजवळच्या ग्रंथीतलं विष दातात घ्यायची ती तयारी असते, आणि विकण्याआधी त्याचे ते दात बहुतेकदा कापलेले असतात, भूल न देता. तुमच्या मुलाच्या आणि माकडाच्या पापीचे व्हिडिओ कुणाच्या स्टेटसवर, कुणाच्या पेजवर असतील तर ते काढायला सांगा, पण मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या, वकिलाला तारखांसाठी लागतील.

भाऊ कधी निघतोय ते पत्रात नाही, पण महिना-दोन महिने असतील तर वकिलाची वेळ याच आठवड्यात घ्या. अर्ज केल्यावर कुणी येऊन बघेपर्यंत माकड जिथे आहे तिथेच, भावाच्याच घरी राहू दे, आणि तोवर पिंजऱ्यात हात घालायचं काम मोठ्या माणसांचंच.